बाबांसाठी सहा तास

बाबा अकरा दिवस मशीनवर होते. डॉक्टरांनी हात टेकले होते, पण दादा आल्याशिवाय मशीन बंद करायचं नाही, असं घरात ठरलं. दादाचा परदेशातून फोन आला, "चिमे, पुढं जाताना विमान बदलायला आपल्याच शहरात सहा तास थांबायचंच आहे. त्यातच उरकून घेऊ. दोनला मशीन बंद, चारला अंत्यविधी." मी स्मशानात चारची वेळ घेऊन आले.

दादा घोड्यावर बसूनच आला. बाबांचा हात धरून ढसाढसा रडला. तेवढ्यात बाबांची बोटं हलली. नर्सनं हाक मारली, डॉक्टर धावत आले. "शुद्धीवर येतायत! मशीन बंद करायचा आता प्रश्नच नाही."

दादानं डोळे पुसले आणि घड्याळ पाहिलं.


"अगं चिमे, पण चारची वेळ घेतलीय ना आपण?"