गाईचा फ्राइड राइस

आमच्या अग्रहारातल्या, म्हणजे ब्राह्मण आळीतल्या घरात शिळंही चालत नाही आणि लसूणही. उरलेला भात सकाळी कोपऱ्यावरच्या गाईला जातो. त्या दिवशी लेकीच्या हट्टापायी मी कालच्या भाताचा फ्राइड राइस केला, चांगला लसूण घालून. वास येताच सासूबाई आल्या. "अय्यो सुप्रीता, हे काय गं?" म्हणाल्या, आणि कढई उचलून सगळा गाईला घालून आल्या.

दुसऱ्या दिवसापासून गाय साध्या भाताला तोंड लावेना. सासूबाईंनाही मग घास गोड लागेना.

आज लेकीला ताजा सारभात वाढून त्या पुन्हा कढईकडे वळल्या.



"सुप्रीता, उद्या लसूण स्वल्प जास्ती आण गं. काल कमी पडला, गाईनं अर्धा भात तसाच ठेवला."