दुसरं दार

नव्या हॉस्पिटलचा आराखडा काढण्याआधी मी जुन्या इमारतीत पेशंटच्या नातेवाइकांशी बोलत बसायचे. एक बाई म्हणाल्या, "आमचे हे गेले असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मग रडत सगळ्या गर्दीतून बाहेर यावं लागलं. लोक टकामका बघत होते."

ते काही डोक्यातून जाईना. म्हणून मी वाईट बातमी सांगण्यासाठी एक वेगळी खोलीच काढली. तिचं एक दार हॉलमधून आत येणारं, आणि दुसरं थेट मागच्या टेकडीच्या उतारावर, झाडांत उघडणारं. त्या दारापायी मी कंत्राटदाराशी भांडले, पण उतार सपाट करू दिला नाही.

"तुझी सगळ्यात सुंदर खोली," नवरा म्हणाला होता. "देव करो आणि तिथे कुणाला बसावं न लागो."

आज सकाळी त्याला ऑपरेशनला आत नेलं. मी हॉलमधल्या बाकावर बसले होते. बाकाची पाठ जरा जास्तच उभी झालीय, असं उगाचच मनात येत होतं. तेवढ्यात नर्स आली.

"ताई, जरा त्या खोलीत बसता का? डॉक्टर येतायत बोलायला. तिथे बरं वाटेल तुम्हाला, झाडं दिसतात."

मी तिच्यामागे गेले. डॉक्टर आले, समोर खुर्ची ओढून बसले. ते तोंड उघडणार, तोच मी विचारलं,



"ते दुसरं दार उघडं आहे ना?"