राठ बोटं

"बोटं राठ, पक्की गाठ!" मी लहान असताना आमच्या क्लाक्सविक बंदराच्या धक्क्यावर मासेमारीची जाळी विणताना आजोबा असं गुणगुणायचे. आता मी कोपनहेगनला शिकते आणि दर रविवारी आम्ही आपापल्या घरून होड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळतो, मी फोनवर, ते छोट्या टॅबवर. दर वेळी तेच हरतात. वर ऐट अशी, "नातीला जिंकू द्यावं लागतं बाई!" गेल्या रविवारी मात्र म्हणाले, "रानवा, पुरे झाला आता हा खेळ." मला जिंकू देऊन देऊन कंटाळले असतील, असं वाटून मी खट्टू झाले.

सुट्टीत घरी आले, तेव्हा फोनला दोन्ही बाजूंनी चिमटणारा गेम कंट्रोलर घ्यायला निघाले. आजोबाही आले. दुकानात मी रंग बघत होते. ते डोळे मिटून एकेकाची बटणं दाबत होते. टक्, टक्. सगळ्यांत कडक बटणांचा कंट्रोलर हाती लागला, तो काही केल्या खाली ठेवीनात.

"हा ताणून याला बसेल का हो?" म्हणत त्यांनी कोटाच्या खिशातून हळूच टॅब काढला. दुकानदारबाईंनी लावून दिला. बसला!

तिथेच बाकावर शर्यत लागली. त्यांची होडी पुढे गेली ती गेलीच.

"आजोबा!" मी ओरडले. "आज नाही जिंकू दिलंत?"

हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "येत्या रविवारीही हरशील. आणि जिंकू कधीच दिलं नव्हतं गं पोरी. टॅबच्या काचेला माझी राठ बोटं कळतच नव्हती."