एका सुराची मंडळी

झुश्का मावशी बाकावरून घसरल्या आणि बायकांच्या बाजूला एकच गलका झाला.

"खिडकी! अहो, खिडकी उघडा कुणीतरी!"

जुलैचा उकाडा, प्रार्थनाघरात दोनशे माणसं, आणि रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या सात वर्षांपासून खिळे ठोकून बंद. पुरुषांच्या बाजूने लोप्की लोहार उठला. त्याने कुणाला विचारलं नाही. चौकटीला असा हिसका दिला की खिळे टणाटण खाली पडले. वारा आत आला. त्याच्याबरोबर समोरच्यांचं गाणंही आलं, अगदी संपता संपता. झुश्का मावशींनी डोळे उघडले.

समोरचेही यांच्यासारखेच मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती. एकाच जहाजातून रशियाहून कॅनडात मॅनिटोबाला आलेले, एकमेकांचे चुलत-मावस भाऊ. बिर्केनडॉर्फ केवढंसं गाव, पण त्यात प्रार्थनाघरं दोन, आणि तीही समोरासमोर. भांडण गाण्यावरून झालं होतं. जुने म्हणत, सगळ्यांनी एकच चाल एका सुरात गायची. चार आवाज वेगवेगळे लावले की देव राहतो बाजूला आणि माणसं मिरवायला लागतात. नव्यांनी चार आवाज लावलेच. मग जुन्यांचे पाळक रेम्पेल यांनी जाहीर केलं, नव्यांबरोबर जो गाईल तो मंडळीबाहेर. बाहेर म्हणजे पार बाहेर. घरच्यांनीसुद्धा त्याच्याबरोबर एका टेबलाला बसायचं नाही.

डिर्क हाइडेब्रेख्त जुन्या मंडळीत पुढे गाणारा. मंडळीत वाद्य नाही. त्याने सूर द्यायचा, बाकीच्यांनी उचलायचा. आज्यापासून चालत आलेलं काम. त्याची एकुलती एक मुलगी ट्रुडा सात वर्षांपूर्वी रस्ता ओलांडून गेली. तिला दोन मुलं झाली, ती डिर्कने दुकानाच्या काचेतून पाहिली. पण त्याला खरं छळायचं ते तिचं गाणं. लहानपणी ती त्याच्या मांडीवर बसून गायची. सात वर्षांत तो आवाज त्याच्या कानावर पडला नव्हता.

पाळकांनी मानेने खूण केली. डिर्क उठला. पिकासाठी प्रार्थना करायचा रविवार होता, त्या दिवशीचं गीत दोन्हीकडे ठरलेलं. त्याने पहिली ओळ सोडली, मंडळीने उचलली, आणि रस्त्यापलीकडून तेच गीत, त्याच सुरात, दणक्यात सुरू झालं.

"दाबतात की काय आपल्याला!" लोप्की पुटपुटला.

मग काय विचारता! जुन्यांनी छातीचा भाता केला. समोरच्यांनी आवाज चढवला. यांनी त्याहून चढवला. रस्त्यावर बांधलेले घोडे कान टवकारून उभे राहिले. झुश्का मावशी तर मघाशी बेशुद्ध पडलेल्या, त्याही बाकाची कड धरून ठणठणीत गायला लागल्या. दुसरं कडवं संपलं तेव्हा डिर्कच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या आणि त्याला मनातून जाम मजा येत होती.

तिसऱ्या कडव्याला समोरच्यांनी चाल सोडून दिली. ती त्यांनी यांच्याकडेच ठेवली आणि फक्त बाकीचे आवाज लावले. डिर्कच्या सुराखाली अलगद एक बाईचा आवाज येऊन उभा राहिला. ट्रुडा! दुसऱ्या कुणाचा असणं शक्यच नव्हतं.

पाळक रेम्पेल उठले. थांबा, म्हणून त्यांनी हात वर केला.

डिर्कने तो हात पाहिला. आता थांबलं नाही तर सगळं जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जागा, मान, बायकोबरोबरचं जेवण. त्याने बायकोकडे, आगाथाकडे पाहिलं. ती रडत होती आणि गातही होती.

तो थांबला नाही. उलट त्याने चौथं कडवं उचललं.

पाळकांचा हात तसाच हवेत राहिला, मग हळूहळू खाली आला. त्यांनी गीतांचं पुस्तक तोंडासमोर धरलं. फार संतापलेत, डिर्कला वाटलं. तेवढ्यात कुठूनसा खर्ज लागला. असा जाड, असा भरीव की पायाखालची फळी थरारली. वा रे पठ्ठ्यांनो, डिर्क मनात म्हणाला, माणसं जमवलीयत खरी! त्याने शेवटची ओळ मुद्दाम लांबवली.

गाणं संपलं तरी कुणी खाली बसेना. दोन्हीकडची दारं उघडली आणि माणसं रस्त्यावर आली. धुळीत समोरासमोर उभी राहिली.

"झालं तुझं डिर्क, आता बाहेरच तू," लोप्की हळूच म्हणाला.

"होऊ दे," डिर्क म्हणाला. "ऐकलं मी तिला."

समोरच्या गर्दीतून ट्रुडा धावतच आली. बापासमोर येऊन धापा टाकत उभी राहिली.

"बाबा, तो खर्ज कुणाचा हो?"

"आता हे मला विचारतेस? तुमच्याच लोकांचा!"

"आमचे कुठले! आमचे खर्जवाले चौघंही कालच शेजारच्या गावी मिशनच्या सभेला गेलेत. खाली गाणारं कुणी नव्हतंच आज. तो आवाज तुमच्या खिडकीतून येत होता!"

डिर्क वळला. लोप्की वळला. पुरुषांच्या बाजूचे सगळेच एकमेकांची तोंडं पाहायला लागले, आणि मग एकेक करत सगळ्यांच्या नजरा पायरीकडे गेल्या.

पायरीवर पाळक रेम्पेल उभे होते. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेले.

"शेवटच्या ओळीला जरा घसरलोच मी," ते म्हणाले. "सात वर्षांत सवय राहिली नाही."