गुळगुळीत जागा

सुनेला वागायची रीत म्हणून नव्हती. सासू जिन्यावरून घसरली असती तरी आधी हातातल्या बंदुकीचा नंबर वाचून झाला असता, मग "लागलं का, आई?" दुकान बंदुका दुरुस्तीचं, सासूच्या कमरेच्या किल्ल्यांवर चालणारं. आणि ही कालची पोर आलेली प्रत्येक बंदूक दिव्याखाली धरून शाळेत पाढे म्हणतात तसे आकडे म्हणायची.

"पोपट पाळला असता तर निदान पेरूवर भागलं असतं," सासू म्हणायची.

सासूचे गुडघे बोलायला लागल्यापासून त्या किल्ल्या कुणाकडे जाणार, एवढाच विषय घरात होता. मुलगा हाताचा कसबी, आईच्या शब्दाबाहेर नाही. मिळणार त्यालाच, असं सगळे धरून चालले होते. सूनसुद्धा.

त्या दुपारी मुलगा बाहेर गेला होता. सासू चहा टाकत होती. कधी नव्हे तो टेबलाचा खालचा खण उघडा होता. सुनेने आतलं पिस्तूल काढलं. नळीवर गुंडाळलेला रुमाल तसाच ठेवून ती सवयीने नंबराच्या जागेकडे वळली, आणि तिथे नुसतं बोट फिरवत राहिली.

"आज पोपट मुका का?"

"आई, नंबर नाहीये. कानशीने घासून काढलाय. जागा बघा कशी गुळगुळीत झालीये."

"मग असू दे."

"कुणाचं आहे?"

"ओळखीतल्याचं. न्यायला येईल. ठेव जागेवर."

"आणि केवढं जड आहे हे..."

"तुझी मनगटं काडीची. ठेव म्हटलं ना!"

सुनेने ठेवलं नाही. "नंबर खोडलेलं हत्यार नुसतं जवळ सापडलं तरी तुरुंग आहे, आई. परवाना जाईल. फौजदारांना कळवायला हवं."

"मला कायदा शिकवतेस? सही येत नव्हती तेव्हापासून दुकान चालवतेय मी."

"म्हणून तर जपायचं ना ते."

"तुझा नवरा असता तर आईसाठी तोंड मिटून बसला असता."

"ते त्यांचं. मी नाही बसणार."

सासूने आवाज उतरवला. सुनेला शेजारी बसवून घेतलं. "हे बघ, आपण दोघीच आहोत. नदीत टाकून येऊ, विषय संपला. आणि या तुला. लेकाला नाही, तुला." कमरेचा जुडगा सोडून तिने टेबलावर ठेवला.

सून किल्ल्यांकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. मग तिने फोन ओढला.

"दुकानात नंबर खोडलेलं पिस्तूल सापडलंय. हो, सूनच बोलतेय. या तुम्ही. मी सासूबाईंजवळच आहे, एकटं नाही सोडणार."

"घरभेदी!" सासू म्हणाली आणि तीन कपांत चहा ओतला.

"मी नाही घेणार."

"तुला विचारलंय कुणी?"

फौजदार आले. पिकल्या मिशांचा माणूस. सून आडवी उभी राहिली. "आई थकल्यात. काय विचारायचं ते मला विचारा. पण लपवणार काही नाही."

फौजदारांनी टोपी काढली, खुर्ची ओढली आणि एक कप स्वतःच उचलला. मग पिस्तुलावरचा रुमाल सोडवला.

"बोट घालून बघ, मुली. नळीत."

बोट जाईना. नळीला भोकच नव्हतं. तोंडाशी नुसता गोल कोरलेला, आत सलग लोखंड.

"तुझ्या सासूबाईंच्या सासूबाईंनी घडवून घेतलेलं, किल्ल्यांचा वारस पारखायला," फौजदार फुंकर मारत म्हणाले. "या नव्या सून असताना यांनी माझ्या वडिलांना, तेव्हाच्या फौजदारांना, पोलीस ठाण्यातून धावत आणलं होतं यापायी. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मात्र मी दिवसभर बोलावण्याची वाट बघत बसलो."

सून एकदा पिस्तुलाकडे बघे, एकदा सासूकडे.

सासूने जुडगा उचलला, तिच्या तळहातावर आपटला आणि उरलेला कप तिच्यापुढे सरकवला.

"घरभेदी आहेस. मीही होते. धर किल्ल्या."