चौथं शील

सोमवारी शटर उघडायच्या आत लालबागच्या शाखेसमोर रांग लागणार, हे राहुलला रविवारी दुपारीच कळलं. बँक बुडतेय ही अफवा कुठून उठली, ते मात्र कुणाला सांगता येईना. हातातोंडाशी आलेला घास होता हो! बुधवारी एका मोठ्या बँकेत विलीन होण्याच्या सह्या व्हायच्या होत्या. तोवर ठेवी टिकल्या तर सगळे तरणार, नाहीतर बँक सगळ्यांसकट गाळात.

आणि बुडणार कोण? त्याचीच माणसं. गिरणी बंद पडल्यावर त्याच्या वडिलांनी, अप्पांनी, उरलंसुरलं याच सहकारी बँकेत ठेवलं. त्याच शाखेत राहुल क्लार्क म्हणून चिकटला आणि चढत चढत मुख्य कार्यकारी अधिकारी होऊन दादरच्या हेड ऑफिसात बसला. तेव्हा चाळीनं त्याची मिरवणूक काढली होती. लोकांनी पैसे ठेवले ते बँकेकडे बघून नव्हे, त्याच्याकडे बघून. पंधरवडाभर त्याला अन्न गोड लागत नव्हतं. बायको, वैशाली, तेवढी शांत होती. हिचा तरी आपल्यावर विश्वास आहे, या विचारानं त्याला धीर यायचा.

बकुळाआत्यांना भेटून या, असं तीच म्हणाली. चाळ त्यांच्या शब्दाबाहेर नाही.

अप्पांची ही बहीण विहारात फुलं मांडत होती. राहुलनं तिच्यापासून काही लपवलं नाही. बुधवारपर्यंत लोकांना थांबव, एवढंच त्याचं मागणं.

"तुझे स्वतःचे पैसे कुठे आहेत रे?" आत्यानं विचारलं.

"तिथेच. वैशालीची ठेवसुद्धा आपल्या लालबागलाच आहे. स्वतःच्या बायकोला बुडवीन का मी?"

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. मग त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा फुलांकडे वळली.

संध्याकाळी वंदनेला विहार भरला. पंचशील सुरू झालं. आत्याचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता, पण खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं आणि ती गप्प झाली. वय झालं, दम लागला असेल, असं राहुलला वाटलं. या वयात आपण हिला कशात ओढतोय, म्हणून त्याचा जीव तुटला.

वंदना संपल्यावर आत्या उभी राहिली.

"उद्या कुणी रांगेत जायचं नाही. माझी जन्माची पुंजी त्याच बँकेत आहे. बुडाली तर पहिली मी बुडेन."

सोमवारी शाखेसमोर चिटपाखरूही फिरकलं नाही, आणि बुधवारी सह्या झाल्या.

गुरुवारी राहुल पेढे घेऊन आत्याच्या खोलीवर आला. पायाशी वाकला तसं त्याला रडू आवरेना. माझ्या शब्दावर तू सगळी पुंजी पणाला लावलीस, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

आत्यानं पेढा मोडून अर्धा त्याच्या हातावर ठेवला.

"कसली पुंजी? मी तर आदल्याच आठवड्यात ठेव मोडून मोकळी झाले होते."

राहुलचा हात तसाच राहिला. "तुला कुणी सांगितलं होतं?"

"सांगितलं कुणीच नाही रे. पासबुक भरून घ्यायला गेले होते. काउंटरवर माझ्यापुढे वैशाली उभी होती, स्वतःची ठेव मोडत."