साडेपाचनंतरचा फोन

टेबलांवरचे फोन एक तारखेला काढून नेणार होते आणि त्या दिवसापासून मोबाईल आत नेता येणार होता. साधनाने धम्मरत्नला विचारलं, तिचा एक्स्टेंशन नंबर मोबाईलवर वळवता येईल का.

कंपनीतले सगळे फोन धम्मरत्न सांभाळायचा. तो म्हणाला, वळवता येतो, पण फक्त मॅनेजरांचे वळवायला सांगितलंय. लॅबला सगळ्यांत मिळून एक नंबर मिळेल.

साधनाने त्याला सांगितलं की सॅम्पलबद्दल विचारायला सप्लायर थेट तिलाच फोन करतात. हे खरं होतं. कारण मात्र हे नव्हतं.

चारशे सतरा हा साधनाचा नंबर तिच्या मुलीला, दिव्याला, पहिलीपासून पाठ होता. शाळेतून आली की ती शेजारच्या काकूंच्या फोनवरून कंपनीचा नंबर लावायची, मग चारशे सतरा, आणि "आले गं" एवढंच सांगून ठेवून द्यायची. मोठी झाल्यावर स्वतःचा मोबाईल आला तरी आईला फोन म्हणजे चारशे सतराच. चाकणच्या या कारखान्यात मोबाईल गेटवर जमा करावा लागे, त्यामुळे दिवसभर दुसरा मार्गही नव्हता.

दोन वर्षांपूर्वी दिव्याने स्वतःच्या पसंतीने, नोंदणी करून लग्न केलं. त्याच आठवड्यात साधनाच्या नवऱ्याने, रंगरावांनी, घरातले दोन्ही मोबाईल नंबर बदलून आणले. साधनाचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून त्यांनी शपथ घ्यायला लावली, की ती आपण होऊन मुलीला फोन करणार नाही.

"आणि तिचा आला तर?" साधनाने विचारलं होतं.

रंगराव उठून गेले होते. त्या न दिलेल्या उत्तरावर साधनाने दोन वर्षं काढली होती.

फोन आला नाही. दिव्या नवऱ्याबरोबर तामिळनाडूत होसूरला गेली, तिथे सुट्या भागांच्या कारखान्यात लागली, एवढं नणंदेकडून कळलं होतं. तिथेही मोबाईल गेटवर जमा करतात, हे कळल्यावर साधनाने सगळं पुन्हा मांडून पाहिलं. मुलीला मोबाईल हातात मिळतो तो सुटल्यावर. तेव्हा आई बसमध्ये असते. म्हणजे फोन आला असेल तर तो रिकाम्या टेबलावर वाजला असेल. तिने हा विचार सगळ्या बाजूंनी तपासला. त्यात चूक सापडली नाही. आणि आता ते टेबलही मुकं होणार होतं.

"बरं, बघतो," धम्मरत्न म्हणाला. कॉम्प्युटरवर तो चारशे सतराची माहिती उघडू लागला. बोलता बोलता म्हणाला, "मॅडम, एवढ्यासाठी माझ्याकडे कशाला आलात? ही सगळी यंत्रणा, कुठला फोन किती वाजल्यानंतर कुठे वळवायचा ते, रंगराव सरांनीच बसवलेली. रिटायर झाले तरी आम्ही अजून अडलो की त्यांनाच विचारतो."

"त्यांना सांगू नका," साधना म्हणाली.

धम्मरत्नचा हात माउसवर थांबला. तो स्क्रीनकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"सरांना माहीत नाही?"

"नाही. आणि कळायलाही नको."

त्याने स्क्रीन बंद केली. "उद्या करतो, मॅडम. आजचा दिवस असू द्या तसंच."

कामं खूप असतील त्याला, असं साधनाला वाटलं. तिने आपला मोबाईल नंबर चिठ्ठीवर लिहून दिला आणि लॅबमध्ये परत आली. उरलेल्या दुपारी तिने दोन नमुने पुन्हा तपासायला घेतले, कारण पहिल्यांदा काय वाचलं ते तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

साडेपाचला कंपनीची बस सुटली आणि चाकणच्या चौकात आज नेहमीपेक्षा जास्तच वेळ अडकली. साधना खिडकीशी बसली होती. रावेतला थांब्यावर रंगराव घ्यायला आलेले असणार. निवृत्तीनंतर ते रोज संध्याकाळी तासभर चालायला बाहेर पडत आणि तिथूनच तिला घेऊन घरी येत. चालण्याने त्यांची साखर उतरली होती. स्वभावही थोडा उतरला होता. गेल्या आठवड्यात जेवताना मध्येच म्हणाले, होसूरकडे फार पाऊस आहे म्हणे. साधनाने घास तसाच हातात धरला होता. त्यांनी वाटी पुढे केली. बातम्यांत पाहिलं असेल, असं मनाशी म्हणून तिने आमटी वाढली होती.

उद्यापासून तो नंबर तिच्या पर्समध्ये वाजणार होता. तिला एकदा ऐकायचं होतं, तिकडून मुलीने लावला असेल तर तिला काय ऐकू आलं असेल. घंटा किती वेळ वाजते. किती वेळाने माणूस आशा सोडतं.

तिने मोबाईल काढून कंपनीचा नंबर लावला.

शेजारी बसलेल्या मोनिकाने पाहिलं. लेखा विभागातली ही मुलगी रोज तिच्यासाठी जागा धरायची. "साधनाताई, आत्ता तर सुटलो तिथनं. जीव अडकलाय का लॅबमध्ये? कुणाला लावताय?"

"कुणाला नाही. उचलणारच नाहीये कुणी."

"मग बरंय. बिल तरी यायचं नाही," मोनिका म्हणाली आणि कानात इअरफोन घालून तिने डोळे मिटले.

रेकॉर्ड केलेल्या आवाजाने एक्स्टेंशन नंबर मागितला. साधनाने चार, एक, सात दाबलं. रिकामी लॅब तिच्या डोळ्यांसमोर आली. काचेची भांडी, झाकलेला तराजू, खुर्चीवरचा तिचा ॲप्रन.

घंटा वाजू लागली. ती मोजणार होती, पण थोड्याच वेळात कुणीतरी फोन उचलला.

मागून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते. साधनाने मोबाईल कानाशी घट्ट धरला.

"आज उशीर केलास गं दिव्या," रंगराव म्हणाले. "पटकन बोल. आईची बस यायची वेळ झाली."